पेशंटजवळ कोण आहे?

आमच्या नर्सिंग कॉलेजात दर गुरुवारी दुपारी दोन ते चार परदेश भरायचा. जागा ठरलेली, तळमजल्यावरची प्रात्यक्षिकाची खोली. सहा लोखंडी खाटा, हात धुवायचं एक बेसिन, एक चाक कायम रुसलेली औषधांची ट्रॉली आणि पहिल्या खाटेवर आबा. आबा म्हणजे आम्हाला शिकायला ठेवलेला पुतळा. त्याचा डावा पाय कुठल्या तरी जुन्या बॅचने हरवला होता आणि इंजेक्शनं टोचून टोचून दंडाची चाळण झाली होती, पण चेहरा मात्र समाधानी. असा पेशंट मला पुढे कधी भेटला नाही. गुरुवारी दाराशी खडूने एक रेघ ओढलेली असायची. रेघेच्या अलीकडे आपण इकडे, पलीकडे पाऊल टाकलं की तिकडे.

ही रेघ ओढायच्या टाचणीबाई. पांढऱ्या कोटाच्या कॉलरला त्या टाचण्यांची एक रांग खोचून ठेवायच्या, म्हणून हे नाव. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं. बाई स्वतः तिकडे कधीच गेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. तिकडच्या दवाखान्यांबद्दल त्यांना जे काही ठाऊक होतं ते सगळं पत्रांतून. पास होऊन तिकडे नोकरीला गेलेल्या मुली पत्रं लिहायच्या, आणि बाई ती एका जाडजूड रजिस्टरमध्ये टाचून ठेवायच्या. त्या रजिस्टरच्या जोरावर त्या आम्हाला एक अख्खा देश शिकवायच्या.

आणि काय शिकवायच्या. तिकडे डोकं दुखलं म्हणून कुणी उठून मोठ्या हॉस्पिटलात जात नाही, आधी आपल्या भागातल्या डॉक्टरकडे जायचं, त्याने चिठ्ठी दिली तरच पुढे. मग बाई टेबलामागे बसायच्या आणि एकेकीला परत पाठवायच्या, "चिठ्ठी कुठंय? चिठ्ठीशिवाय आत नाही." आजार काय झालाय ते आधी पेशंटला सांगायचं, त्याच्या थोरल्या भावाला नाही. डॉक्टर आले की नर्सने खुर्चीतून उठायचं नाही. हे सगळ्यात अवघड. बाई गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून डॉक्टर बनून आत यायच्या आणि आम्ही तीसच्या तीस जणी ताडकन उभ्या. जी आधी उठेल तिने आबाला अंघोळ घालायची. मी वर्गाची मॉनिटर, पण आबाला सर्वात जास्त अंघोळी मीच घातल्या.

एका पत्रात कुणीतरी लिहिलं होतं की पेशंटच्या खाटेभोवतीचा पडदा सरकवण्याआधी दार वाजवतात. पडद्यावर दार कसं वाजवणार? बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "तोंडाने वाजवा." मग आम्ही पडद्याबाहेर उभ्या राहून "टक टक" म्हणायचो आणि आत आबा गप्प. हसून हसून पोटात दुखायचं. माझ्यामागे एक वर्षाने असलेली, बडबडी आणि मूठभर अंगाची म्हणून जिला चिमणी म्हणायचे, ती तर आबाच्या वतीने "या, या, बसा" म्हणायची. पुढे तिकडे गेल्यावर पहिल्याच सकाळी केस पिकलेले एक मोठे सर्जन पडद्याबाहेर थांबले आणि तोंडाने म्हणाले, टक टक. मी तिथल्या तिथे बाईंना मनोमन हात जोडले.

बाईंची एक अट असायची. निघायच्या दिवशी प्रत्येकीला सांगायच्या, "पहिल्या आठवड्यात काय चुकलं तेवढं मला लिही. तिथल्या लिफ्ट आणि बागा मला नकोत. चुकलेलं लिही, ते पुढच्यांच्या कामाचं." आणि त्या मुलीच्या नावाचं पान उघडून त्यात आधीच एक टाचणी टोचून ठेवायच्या. पत्र आलं की त्याच टाचणीत.

माझं काय चुकलं ते आता सांगते. आमच्याकडे वॉर्डमध्ये चाळीस खाटा आणि दोन नर्स. सलाईन, सुया, ड्रेसिंग यातच जीव मेटाकुटीला यायचा. बाकी सगळं, म्हणजे पाणी पाजणं, तोंड पुसणं, पाय चेपणं, घास भरवणं, हे पेशंटच्या माणसाचं. प्रत्येक खाटेशी कुणीतरी असायचंच. बायको, मेव्हणा, शेजारची काकू, अगदी कुणी नाही तर पलीकडच्या खाटेवरच्याची बहीण. काही लागलं की आम्ही दारातूनच ओरडायचो, "पेशंटजवळ कोण आहे?" आणि कुणीतरी उठायचं. चार वर्षांत मी नळीतून अन्न देणं शिकले, पण चमच्याने एकाही माणसाला भरवलं नव्हतं. आम्ही कुणीच नव्हतं. त्यामुळे बाईंच्या रजिस्टरमध्येही ते नव्हतं. जे कधी आपलं काम नव्हतंच ते शिकवायचं कुणाला सुचणार?

तिकडे माझ्या वाट्याला सहा खाटा आल्या. चौथ्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. अर्धांगाचा झटका आलेला, उजवा हात निकामी, डावाही थरथरणारा. दुपारी स्वयंपाकघरातली बाई ट्रॉली घेऊन आली आणि त्यांच्यासमोर झाकलेला ट्रे ठेवून गेली. मी त्यांना गोळ्या दिल्या आणि दाराकडे बघत राहिले. येईल कुणीतरी. मुलगी असेल, सून असेल, रस्त्यात अडकली असेल. अर्ध्या तासाने ती बाई आली, झालं का म्हणून विचारलं, ते म्हणाले हो, झालं, आणि ट्रे जसाच्या तसा परत गेला. मी चार्टवर लिहिलं: जेवायला नकार. रात्रीचं जेवण, तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी, तेच. नकार, नकार. अक्षर माझं फार सुरेख होतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डच्या मुख्य सिस्टरनी तो चार्ट वाचला आणि मला विचारलं, "ते नको म्हणाले का?"

मी म्हटलं, "तसं नाही, पण त्यांच्याजवळ कुणीच नाही."

त्यांना माझं बोलणं कळेना. दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "कुणी नाही कसं? तू आहेस ना."

त्या दुपारचा ट्रे अजून टेबलावर होता. मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना भरवलं. सूप गार, बटाटा गार. त्यांनी सगळं खाल्लं, अधाशासारखं, आणि वर मलाच म्हणाले, तुम्हाला त्रास दिला. त्यांना वाटलं होतं मी कशावरून तरी त्यांच्यावर रागावले आहे, म्हणून जवळ येत नाही. मी त्या माणसाला एक दिवस आणि एक रात्र उपाशी ठेवलं होतं, तेही पूर्ण शुद्धीत, शेजारी उभं राहून.

सिस्टर भल्या होत्या, त्यांनी ते पुढे नेलं नाही. त्या शनिवारी मी बाईंना चार पानी पत्र लिहिलं. लिफ्टबद्दल लिहिलं, हातमोज्यांच्या खोक्यांबद्दल लिहिलं, टक टकबद्दल लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, "पहिल्या आठवड्यात काही चुकलं नाही." मॉनिटरचं कसं चुकेल?

बाईंनी ते पत्र पुढच्या बॅचला वाचून दाखवलं. हे मला चिमणीनेच कळवलं होतं, तिला फार अभिमान वाटला होता. "ताई, बाई म्हणाल्या, बघा, एकही चूक नाही. मीही तसंच करणार." वर्षभराने तीही गेली, माझ्यापासून दूर, दुसऱ्या शहरात. आणि पाच आठवड्यांत परत आली. बाईंनी मला लिहिलं, "चिमणी परत आली. हवा मानवली नाही म्हणते. मी खोदून विचारलं नाही." तिकडची हवा आमच्यापैकी कुणाला मानवत नव्हती म्हणा, पण म्हणून कुणी परत येत नव्हतं. मला तेव्हाच आतून जाणवलं, माझ्या पत्राचा यात कुठेतरी हात आहे. पण विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. हळूहळू बाईंना पत्र लिहिणंही मी कमी केलं, मग बंद केलं. सहा वर्षांपूर्वी बाई गेल्या, तेव्हा रजा मिळत नाही असं सांगून मी आले नाही. रजा होती.

यंदा नोकरी संपवून मी कायमची परत आले आणि भावाकडे उतरले. महिनाभरात फोन आला. आवाज ओळखला नाही, बोलण्याचा वेग ओळखला.

"मॉनिटरताई, आलीस ना? गुरुवारचा तास घेशील का? आठ मुली पुढच्या महिन्यात तिकडे चालल्यात."

चिमणी आता त्याच कॉलेजची मुख्य झाली होती. परत आल्यावर बाईंनी तिला त्याच खोलीत मदतनीस म्हणून ठेवून घेतलं होतं, तिथूनच ती वर चढली. मी हो म्हटलं आणि आठवडाभर जेवण गेलं नाही. वहिनी म्हणाली, "वन्सं, परीक्षेला चाललात की शिकवायला?" मी ठरवलं होतं. या आठ जणी माझ्यासारख्या दाराकडे बघत उभ्या राहता कामा नयेत. पहिल्या आठवड्याचं खरं काय ते त्यांना सांगायचं, चिमणीसमोर सांगायचं. आणि तिच्या तोंडाकडे बघितलं की मला कळेलच, सव्वीस वर्षं जे विचारलं नाही ते.

खोली तीच होती. खडूच्या रेघेच्या जागी आता पिवळ्या रंगाची पक्की पट्टी. आबाला नवा पाय बसवलेला, पण तो दुसऱ्याच कुठल्या पुतळ्याचा असावा, अंगापेक्षा गोरा. बेसिनचा नळ तसाच गळत होता. कोपऱ्यात बाईंची खुर्ची होती, आणि मी तिच्यावर बसले नाही.

चिमणी पुढे आली. केस पांढरे, अंग भरलेलं, चिमणी म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने मला मिठी मारली, मुलींना माझी ओळख करून दिली आणि म्हणाली, "आधी आमचं रोजचं होऊ दे, मग तू बोल." मग टाळी वाजवून म्हणाली, "ट्रे आला."

आठही मुलींनी हातातलं काम टाकलं. हात धुतले. सहा खाटा आठजणींत वाटून घेऊन उशाकडची बाजू वर केली. प्रत्येकीने एक खुर्ची ओढली आणि बसली. झाकण काढून पेशंट म्हणून ठेवलेल्या उशीला सांगितलं, ताटात काय काय आहे. अर्धा चमचा, त्याहून जास्त नाही. तोंडाशी नेला आणि थांबल्या. गिळलं का बघायचं, मग पुढचा. एकीने उभ्याने भरवायला घेतलं तर चिमणी कडाडली, "बसून. उभं राहिलं की त्याला वाटतं तुला घाई आहे."

मी बघत राहिले. हे रजिस्टरमध्ये नव्हतं. हे बाईंनी कधीच शिकवलं नव्हतं.

एक मुलगी कुरकुरली, "मॅडम, भरवण्यातच एवढा वेळ गेला तर इंजेक्शनं कधी द्यायची?"

चिमणी तिच्याजवळ गेली. "इन्सुलिनची सुई हातात घेतलीस की आधी स्वतःला विचार, याला भरवणार कोण? त्याचं उत्तर 'मी' असं आल्याशिवाय सुई टोचायची नाही." एवढं सांगताना तिचा आवाज बदलला. मुलींना ते कळलं नाही, त्यांनी ते रोज ऐकलेलं असावं. मला कळलं. ज्याचं उत्तर ऐकायला मी घाबरत होते ते माझ्यापुढे एका वाक्यात आलं.

आणि खरं सांगते, पाठोपाठ दुसरा विचार आला तो फार हलका होता. मुलींना येतंय सगळं. आता माझ्या सांगण्याची गरज काय? लिफ्टबद्दल बोलावं, टक टकची गंमत सांगावी, चहा घ्यावा, घरी जावं. कुणाचंच काही अडणार नव्हतं.

"हं, ताई, ये," चिमणी म्हणाली. टेबलावर बाईंचं रजिस्टर ठेवलेलं होतं. "बाईंच्या पद्धतीप्रमाणे मी पाहुणीचं पत्र वाचून दाखवते, मग पाहुणी बोलते." तिने पान उघडलं. माझं अक्षर. ती वाचत गेली आणि मुली हसत गेल्या. शेवटच्या ओळीशी आली, "पहिल्या आठवड्यात काही चुकलं नाही," तेव्हा पान मिटता मिटता पुढचं पान उलगडलं आणि मला दिसलं. वर तिचं नाव, बाईंच्या हातचं. खाली कागद नाही, नुसती टाचणी. गंजून तिच्याभोवती तपकिरी कडं पडलं होतं. बाईंनी ती शेवटपर्यंत काढली नव्हती.

मी उठले. "ती शेवटची ओळ खोटी आहे," मी मुलींना म्हटलं.

मग सगळं सांगितलं. घड्याळवाले, दार, तिन्ही वेळचे ट्रे, चार्टवरचं माझं सुरेख अक्षर. "पेशंटजवळ कोण आहे?" हेही सांगितलं, तेव्हा दोघीतिघींनी माना खाली घातल्या, कारण त्याही आमच्याच वॉर्डात रोज तेच ओरडत असणार. बोलताना मी चिमणीकडे बघितलं नाही. बघायचं ठरवून आले होते, पण जमलं नाही. शेवटी म्हटलं, "मी हे तेव्हा लिहिलं असतं तर बाईंनी दुसऱ्याच गुरुवारी शिकवलं असतं. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही."

चिमणी म्हणाली, "मुलींनो, चहा पिऊन या. आमच्यासाठीही आणा."

मुली गेल्या. तिने पहिल्या खाटेभोवतीचा पडदा ओढला, कशासाठी कुणास ठाऊक, आणि रजिस्टर मांडीवर घेऊन आबाच्या पायाशी बसली. मी समोर उभी.

"त्यांनी खाल्लं का शेवटी? घड्याळवाल्यांनी?"

"खाल्लं. सगळं."

"माझ्या पेशंटने नाही खाल्लं." तिने आबाची चादर सारखी केली. "शाळेत शिकवायची ती. साखर होती, दृष्टी गेलेली. मी वेळेवर सुई दिली, ट्रे आला, आणि मी म्हटलं येईल कुणीतरी, तोवर पलीकडचं ड्रेसिंग उरकू. परत आले तर उपाशीपोटी साखर उतरून गार पडलेली, घामाने निथळत होती. हाका मारल्या तर उत्तर नाही. तिच्यासमोर ताट आहे हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नव्हतं."

"मग?"

"वाचली. मला भेटू दिलं नाही पण." ती थांबली. "ताई, नोकरी गेली त्याचं मला एवढं नव्हतं गं. मला वाटायचं, एवढी साधी गोष्ट न कळणारी जगात मी एकटीच. मॉनिटरताईला कळली, आधीच्या सगळ्यांना कळली, मीच तेवढी मठ्ठ. बाईंना कुठल्या तोंडाने सांगणार होते? म्हणून हवा मानवली नाही म्हटलं. सव्वीस वर्षं हवा."

"मी खरं लिहिलं असतं तर..."

"तर मी परत आले नसते," ती म्हणाली. तिने ते जराही मऊ केलं नाही. मला ते बरंच वाटलं. कुणीतरी इतक्या वर्षांनी ताट पुढ्यात ठेवून त्यात काय आहे ते नीट सांगितलं होतं.

"चुकलं माझं."

"हं." ती डोळे पुसत नव्हती, ते आपोआप वाहत होते. "मुलींना मी हे रोज करायला लावते. का, ते आजवर एकीलाही सांगितलं नाही. म्हणजे मीही तुझ्याच माळेतली."

तिने माझं पान उघडलं, टाचणी उपसली आणि चार पानांचं पत्र माझ्या हातात दिलं. पडदा सारून टेबलाच्या खणातून दोन कोरे कागद काढले. एक मला दिला. "लिही. लिफ्ट नको."

मी पडद्याबाहेर येऊन बाईंच्या खुर्चीत बसले, आता बसावंच लागलं, आणि लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या असतील, वर बघितलं तर पडद्याच्या फटीतून चिमणी दिसली. रजिस्टर आबाच्या पोटावर उघडं, तिच्या स्वतःच्या पानावर, आणि दुसरा कागद त्याच्यावर ठेवून ती वाकून लिहीत होती. गंजलेली टाचणी तिने काढून दातात धरली होती, बाई धरायच्या तशीच.

बाहेर कपांचा आवाज झाला. मुली चहा घेऊन आल्या, पिवळी पट्टी ओलांडली आणि पडद्याशी थांबल्या. त्यातली एक म्हणाली, "टक टक."

"थांबा गं जरा," चिमणीने टाचणी हातात घेतली आणि मान वर न करता म्हणाली, "मी लिहितेय."